खदानीतली येळवस

मार्गशीर्षातला उजेड आमच्या खदानीत उतरायला फार वेळ लावतो. आधी तो वरच्या काठावर येतो आणि घायपाताच्या रांगेपाशी रेंगाळतो. पात्यांच्या टोकांचे काटे तेवढे दिसू लागतात, खाली अजून सगळं राखी असतं. मग तो उतारात कापलेल्या पहिल्या ओट्यावर पाय ठेवतो. तिथलं पवन्याचं गवत या दिवसांत वाळून तांबूस झालेलं असतं, आणि दव पडलेलं असल्यामुळं उजेड त्याच्यावर एकदम पसरत नाही. एकेका काडीला धरून तो खाली सरकतो. दुसऱ्या ओट्यावर करंजाची कमरेएवढी रोपं आहेत. त्यांची पानं आधी काळी दिसतात, बराच वेळ काळीच राहतात, आणि आपली नजर जरा दुसरीकडं गेली की तेवढ्यात हिरवी झालेली असतात. पलीकडच्या कड्यावर अजून काहीच धरलेलं नाही. त्या उघड्या मुरुमाला ऊन लागलं की तो ओल्या हळदीसारखा दिसू लागतो. तळाच्या डबक्यापर्यंत उजेड पोहोचतो तोवर गावातली माणसं डेअरीला दूध घालून परतलेली असतात. एक टिटवी त्या पाण्याच्या कडेनं चालत असते, आपल्याच सावलीवर नाराज असल्यासारखी.

त्यात विशेष असं काही नाही. हाच उजेड त्याच वेळी लोह्याच्या बसस्थानकावर, पत्र्यांच्या शेडवर, वाळत टाकलेल्या कपड्यांवर पडत असतो. तरी मी रोज काठावर बसून तो उतरताना पाहत असे. घरी विचारलं, तर चर बघायला जातो, असं सांगत असे.

ही खदान आधी आमचं शेत होती. डोंगराच्या अंगाचं हलकं रान. ज्वारी आणि मटकी यांच्यापलीकडं त्यानं कधी काही दिलं नाही. नांदेड-लातूर रस्ता रुंद होऊ लागला तेव्हा मुरूम लागला आणि डोंगराकडेला ज्यांची रानं होती त्यांच्यातल्या काहींनी ती खणायला दिली. माझ्या वडिलांनी, अण्णांनीही दिलं. यंत्रं आली, टिप्पर धावले, रस्ता झाला, यंत्रं गेली. मागं राहिला डोंगराच्या कुशीतून कुणीतरी मोठा घास तोडून न्यावा तसा खड्डा. पुढच्या पावसाळ्यांत त्याच्या उतारावर घळी पडल्या. वरून येणारं पाणी सुटा मुरूम घेऊन खाली जाई आणि माझ्या चुलतीच्या, रुक्मिणकाकूच्या रानात पसरे. काकूचं सगळं त्या रानावर आणि त्यातल्या विहिरीवर चाललेलं. विहीर निम्मी बुजली, तेव्हा ती आमच्या दारात येऊन भांडली नाही. ती फक्त अण्णांना हाताला धरून विहिरीपाशी घेऊन गेली आणि आत बघायला लावलं. अण्णा त्यानंतर कित्येक दिवस नीट जेवले नव्हते.

मी तेव्हा कृषीची पदवी घेऊन लातूरला एका संस्थेत लागलो होतो. खणून टाकून दिलेल्या जमिनी पुन्हा झाकायच्या, त्यांची धूप थांबवायची, हे तिचं काम. प्रमुख दीपाली मॅडम यांनी एका बैठकीत विचारलं, सुरुवात कुठून करायची? बैठकीत मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी मात्र आमच्या खदानीचं नाव माझ्या तोंडून निघून गेलं.

उताराला ओटे पाडले. ओट्यांच्या मुळाशी पाणी अडवणारे आडवे चर खणले, घळींत दगड रचले. गावतळ्यातला गाळ आणि शेळ्यांच्या लेंड्या मुरुमावर पसरल्या, त्यात पवन्याचं आणि मारवेलीचं बी मिसळलं, वर उसाचं पाचट अंथरलं. पहिल्या वर्षी निम्मं वाहून गेलं. दुसऱ्या वर्षी थोडं राहिलं. मग गवतानं ठोंब धरले, ठोंबांना ठोंब भिडले आणि गेल्या पावसाळ्यात काकूच्या विहिरीत मुरूम उतरला नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी म्हणालो, यंदा पाऊसच हलका होता.

येळवशीच्या आठवडाभर आधी मॅडमचा फोन आला.

"सत्यम, देवणीची जागा मिळाली. जांभ्या दगडाची खदान आहे, सगळी लाल. तुला बघूनच आवडेल. कधी निघतोस?"

"मॅडम, इथलं अजून..."

"इथलं काय अजून?"

"उतार भरवशाचा वाटत नाही. एक पावसाळा बघावा म्हणतो."

"मागच्या वर्षीही तू एक पावसाळाच मागितला होतास," त्या हसून म्हणाल्या. "देवणीचा उतार रोज खाली येतोय रे. येळवस होऊ दे आणि मला काय ते सांग. दुसऱ्या कुणाला पाठवता येईल, पण मला तू हवा आहेस."

मी 'हो' म्हणालो. त्या 'हो'चा अर्थ मी स्वतःलाही विचारला नाही.

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीवजा कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या ज्वारीच्या अंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. ज्याला रान नाही त्यालाही कुणी उपाशी राहू देत नाही. वाटेवरून हाका मारून, हाताला धरून जेवायला बसवतात. पण पाहुण्याचं जेवण ते पाहुण्याचंच. शेत गेल्यापासून आम्ही काकूच्या रानात जात होतो आणि एरवी गप्पिष्ट असणारे अण्णा त्या दिवशी कोपीपासून जरा लांब, पाहुण्यासारखे बसून राहत.

त्या वर्षी ते चुलीपाशी येऊन म्हणाले, "औंदा येळवस आपल्या रानात."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "कोणत्या रानात? पाच पांडव मांडायला सपाट जागा तरी हाय का तिथं?"

"तळाला हाय की."

"पांडवांना वनवास झालता म्हणून खड्ड्यात बसवायचं व्हय?"

"वनवास तरी कुठं बंगल्यात झालता, केवळाबाई?"

अण्णा मायला नावानं हाक मारतात ते मन फार खुशीत असलं तरच. माय तव्याकडं बघून हसली, म्हणजे ठरलं. मी उंबऱ्यावर होतो. मला एकच गोष्ट बोलायची होती आणि तिची वाक्यं मनात कितीदा तरी उलटीपालटी करून झाली होती.

"अण्णा, हेंडगा मात्र..." मी म्हणालो.

कडब्याची मोठी चूड पेटवून ती आपल्या रानाच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे हद्दीच्या बांधानं फिरवायची, तिला आमच्याकडं हेंडगा म्हणतात. येळवशीचा दिवस तिनं संपतो. उभ्या ज्वारीच्या हिरव्या रानात तिची भीती नसते. आमच्या उतारावर मात्र वाळलेलं गवत होतं.

"मला काय दिसत न्हाई का?" अण्णा म्हणाले. "तळालाच फिरवू. गवताला हात लावत न्हाई तुझ्या."

येळवशीला माय अंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन खदानीत उतरली. टिप्परांच्या जुन्या वाटेनं ती इतकी जपून पावलं टाकत होती, की एखाद्या देवळाच्या पायऱ्या उतरतेय असं वाटावं. तळाला मी आणि अण्णांनी कोप उभी केली, तिच्यावर मायची लग्नातली शाल पांघरली. अण्णांनी अंबिलीचं भांडं घेतलं आणि निंबाच्या डहाळीनं शिंपडत कोपीभोवती फिरू लागले. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" या शब्दांचा अर्थ आमच्यात कुणालाच ठाऊक नाही, कानडी मुलखातून आले असावेत. सपाट रानात ते वाऱ्यावर जातात. इथं मात्र तिन्ही बाजूंच्या कड्यांनी ते परत दिले. अण्णा दचकून थांबले, वर पाहिलं आणि मग आणखी मोठ्यानं म्हणाले. पुन्हा उत्तर आलं. शेवटी तर ते प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघून पुढचं पाऊल टाकत होते.

दुपारी काकू आपल्या रानातलं उरकून भज्जीचा डबा घेऊन आली.

"भावजी, लई दिसांनी यजमान झालाव की! आजवर माझी भज्जी खाऊन नावं ठेवायचाव. आता तुमची चाखू द्या."

"नावं कवा ठिवली? मीठ कमी हाय म्हणलो."

"तेच की. दरसाल मीठ कमी. आन् मडकं पुसून कोण खायचं मग?"

माय पदर तोंडाला लावून हसत होती. काकूची नजर मग माझ्याकडं वळली. "आन् हे बघा, हे खदानीचे पुजारी. रोज पहाटे दर्शनाला. पोरगी बघायला चल म्हणलं तर पाय उचलत न्हाई. गवतासंगं लगीन लावून देऊ का रं? कोप हायच, मांडव घालायची गरज न्हाई."

"काकू, जेवा ना," मी म्हणालो.

"बघा, बोलला! लिहून ठेवा कुणीतरी."

त्या जेवणाची चव मला सांगता येणार नाही. अण्णा कोपीच्या तोंडाशी, मालकाच्या जागी बसले होते आणि प्रत्येकाच्या ताटात नको नको म्हणताना उंडा टाकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला पुष्कळ वर्षं दिसलं नव्हतं. म्हणूनच असेल, ऊन कलल्यावर त्यांनी हेंडगा बांधायला घेतला तेव्हा मी काही बोललो नाही.

चूड पेटली. आजूबाजूच्या रानांतही ठिपक्याठिपक्यांनी हेंडगे निघालेले दिसत होते. अण्णा तळाच्या कडेकडेनं चालू लागले. चढाच्या पायथ्याशी आले आणि उभे राहिले.

"धुरा तर हितून वर व्हता," ते स्वतःशीच म्हणाले.

आणि ते चढू लागले. मला समजत होतं काय चाललं आहे. हेंडगा हद्दीनंच फिरवायचा असतो, आणि त्यांच्या पायांना एकच हद्द ठाऊक होती: आजोबांनी दगड रोवलेली. ती आता उतारावरून वर जात होती आणि एका ठिकाणी सरळ हवेत निघून जात होती. मी मागं धावलो. 'अण्णा' अशी हाक माझ्या घशात तयार होती. ती बाहेर पडेपर्यंत ते दुसऱ्या ओट्याच्या टोकाशी पोहोचले होते, जिथं जमीन संपते. तिथं ते थबकले. हात पुढं धरलेला, चूड वाऱ्यात फडफडणारी. कडब्याची एक जळती काडी निसटून गवतात पडली.

कोरडं कापड फाडत जावं तसा आवाज झाला. मी करंजाची फांदी मोडून झोडपू लागलो. अण्णांनी अंगातला सदरा काढून त्यानंच विझवायला सुरुवात केली. माय डबक्यात पोतं बुडवून धावली. "अंबील वता, अंबील!" काकू ओरडली आणि उरलेलं अख्खं मडकं उचलून वर घेऊन आली; या वयात तिनं तो चढ कसा चढला ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. शेजारच्या रानांतली माणसं डहाळे घेऊन येईपर्यंत आग खालच्या चरापाशी येऊन अडली होती. चरात जाळायला काही नव्हतं. तिथंच ती बसली.

दुसऱ्या ओट्यापासून तिसऱ्यापर्यंतचा पट्टा काळा झाला होता. आंबट ताकाचा आणि धुराचा वास येत होता. अण्णा चराच्या कडेला उघडेच बसले होते.

"तिथं धुराच न्हाई रे," ते म्हणाले. "पाय टाकायला गेलो, तर खाली काहीच न्हाई."

मायनं कोपीवरची शाल आणून त्यांच्या अंगावर टाकली. "चला आता. पांडव बी भिले असतील."

मला अण्णांचा राग आला नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मॅडमला फोन करून आगीचं सांगताना माझ्या आवाजात दुःख होतं आणि दुःखाच्या तळाशी एक हलकेपणाही होता. आता मला कुणी देवणीला ये म्हणणार नव्हतं.

"गवत वरून जळालं की मुळासकट?" मॅडमनी विचारलं.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

बघायला एक बोट मातीत खुपसणं पुरेसं होतं. मी ते केलं नाही. सकाळी काठावर बसत होतो, उजेड त्या काळ्या पट्ट्यावर आला की दुसरीकडं बघत होतो. मनात पुढच्या पावसाळ्याची तयारी चालली होती: पुन्हा गाळ, पुन्हा बी, पुन्हा पाचट.

पण पाऊस पावसाळ्यापर्यंत थांबला नाही. संक्रांत होऊन गेली आणि एका दुपारी आभाळ भरून आलं. आधी गारा, मग अवकाळी सर, इतकी दाट की अंगणातून समोरचं घर दिसेना. मी ओसरीवर उभा राहून एकच गोष्ट ऐकत होतो. जळालेल्या उतारावरून हे सगळं पाणी आता खाली चाललं असेल. मुरूम सुटला असेल. काकूची विहीर. अण्णा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि पागोळ्यांकडं पाहत राहिले. त्यांनाही तेच ऐकू येत होतं.

सकाळ होताच मी आधी विहिरीवर गेलो. काकू तिथंच होती, मोटर चालू करत.

"वाकून काय बघून राहिलास? जीव द्यायचा हाय का? माझं पाणी खराब करू नको."

"गाळ आला का, काकू?"

"कशाचा गाळ? उलीशी राख आली वाहून. चूल धुतल्यावानी काळं पाणी. मुरूम न्हाई आला." पाइपातून पाण्याची धार सुटली, आधी जरा काळसर, मग स्वच्छ. काकूनं तीत हात धरला. "तोंड असं का केलंस? बरं झालं की वाईट झालं, कळना मला."

मी उतारावर गेलो. अण्णा माझ्याआधीच पोहोचले होते. पट्ट्यावर राख उरली नव्हती. पावसानं ती नेली होती. जळक्या ठोंबांचे बुडखे तेवढे उभे होते, आणि प्रत्येक बुडख्याच्या वरच्या अंगाला मुरुमाचे खडे आणि माती अडून बसली होती. नवी घळ कुठं दिसते का, म्हणून मी पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. एकही नव्हती.

"उपटून बघ एक," अण्णा उकिडवे बसून म्हणाले.

"नको, अण्णा."

"आरं, बघ तर. मी मघाधरून वढून राहिलो."

मी एका ठोंबाला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. तळहात कापला. ठोंब हलला नाही. खाली कुठंवर, किती बारीक बोटांनी त्यानं तो मुरूम धरला होता कुणास ठाऊक. मी हात सोडला आणि वाकलो, तेव्हा बुडख्याच्या मधोमध हिरवं पातं दिसलं. शेजारच्यात दुसरं. ती कालच्या पावसानं आलेली नव्हती. एका रात्रीत एवढं वाढत नाही. राखेखाली, नुसत्या दवावर, ती आधीच वर आलेली होती. मी रोज काठावर येत होतो आणि मला ती दिसली नव्हती.

"बी टाकलतास का परत?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"पाणी?"

"नाही."

"मंग?"

अण्णांनी त्या पात्यावरून अंगठा फिरवला, लेकराच्या टाळूवरून फिरवावा तसा. ते म्हणाले, "माय सांगत व्हती, देवणीला बोलावून राहिलेत म्हणं तुला. तिकडं बी कुणाची तरी हीर बुजत असंल." मग उठून, पंचा झटकून ते म्हणाले, "मी हाय हितं. हेंडगा न्हाई फिरवत पुन्यांदा. भिऊ नको."

ते टिप्परांच्या वाटेनं खाली उतरून गेले. मी त्या पट्ट्यावर उभा राहिलो. हात चुरचुरत होता. खालून काकूच्या मोटरीचा आवाज येत होता. मी मॅडमना फोन लावला आणि सोमवारी देवणीला येतो, असं सांगितलं. त्यांनी आगीनंतर गवताचं काय झालं, ते विचारलं. मुळं जिवंत आहेत, फुटवे आलेत, मी म्हणालो.

गवताला माझी गरज राहिली नव्हती.